कोरांटीचा वास

औंढ्याच्या देवळात फुलं-बेल पोचवणं हे आमच्या घराचं काम. त्या घरात एक नियम फार कडक होता. देवासाठी तोडलेलं फूल हुंगायचं नाही. हुंगलं की ते उष्टं झालं, आणि उष्टं फूल नागनाथाला चालत नाही. घरातली सगळी लेकरं हा नियम मोडायची आणि पाठीत धपाटे खायची. माझे वडील, आमचे अण्णा, तेवढे कधी मोडायचे नाहीत. आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या राधाकृष्णाला मोगऱ्याच्या ढिगात बसवा. नाक खाली नेणार न्हाई पोरगं."

या कौतुकाचं मला आता हसू येतं, आणि थोडा रागही येतो. भरल्या घरात, उठता-बसता चंदन, कापूर आणि फुलं असताना, एकाच्याही ध्यानात आलं नाही की या मुलाला वासच येत नाही. जन्मापासून येत नाही. ज्याला मोह म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्याला सगळे संयमी समजून बसले होते.

अण्णांना स्वतःला ते कळलं एका करपलेल्या दुधामुळे. आजी देवळात गेली होती, चुलीवर दूध करपत होतं, आणि अण्णा चुलीशेजारीच बसून काहीतरी पाठ करत होते. शेजारची बाई अंगणापलीकडून धावत आली. "आरं, वास येऊन न्हाई राहिला का तुला?" त्या वेळी अण्णा म्हणाले, "लक्ष नव्हतं." पुढे आयुष्यभर त्यांचं लक्ष नसायचं. जे आपल्यापाशी मुळातच नाही ते नाही म्हणून सांगायचं तरी कसं, असा त्यांचा प्रश्न होता, आणि नंतर तो प्रश्न त्यांच्या अंगवळणी पडला.

बहात्तरच्या दुष्काळानंतर देवळात येणारी माणसं कमी झाली आणि घरात खाणारी तोंडं तेवढीच राहिली. तेव्हा अण्णा कामाला लागले ते कुठे, तर नांदेडच्या उत्तमसिंगांच्या उदबत्तीच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, काड्या वळणाऱ्या बायका आणि अत्तराचे डबे. पहिल्या दिवशी त्या डब्यांपाशी उभं राहून भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. अण्णा तिथेच फतकल मारून बसले आणि शांतपणे भाकरी-ठेचा खाल्ला. उत्तमसिंग लांबून बघत होते. ते जाणते गृहस्थ होते, ओळखायचं ते त्यांनी त्याच क्षणी ओळखलं.  फक्त म्हणाले, "राधाकिशन, तुला वेगळं काम देतो."

ते काम असं होतं. कारखान्यात नवीन वास तयार व्हायचे. ते लोकांना कसे वाटतात हे बाजारात उतरवण्याआधी उत्तमसिंगांना समजून घ्यायचं असायचं. आधीचा माणूस खेडोपाडी हिंडून एकच निरोप आणायचा, "चांगला आहे म्हणतात." पाव्हण्यानं आपल्या दारात येऊन काडी लावली, त्याला कोण वाईट म्हणणार? आणि कुणी काही बोलायला गेलंच, तर तो माणूस स्वतःच घाई करायचा, "गुलाबासारखा आहे ना?" समोरचा म्हणायचा, व्हय, गुलाबासारखा. झालं, परत आला तो स्वतःचंच नाक घेऊन.

"तू बोलू नको," उत्तमसिंगांनी अण्णांना बजावलं. "फुलाचं नाव घेऊ नको, भाव सांगू नको. कसा आहे असं बी पुछू नको. काय याद आलं, एवढंच विचार. आन् ते बोलतील ते बराबर तसंच माझ्याकडे घेऊन ये."

काड्यांच्या जुड्यांना लाल, पिवळा, हिरवा दोरा बांधलेला असायचा, नाव कशालाच नसे. अण्णा एसटीनं जायचे, फाट्यावर उतरायचे आणि पायी गावात शिरायचे. एखाद्या ओट्यावर टेकून काडी लावायची, धूर सरळ वर जाईपर्यंत गप्प बसायचं, मग विचारायचं, "काय आठवलं?" बास. स्तोत्रं पाठ करत वाढलेला माणूस, त्यामुळे ऐकलेलं जसंच्या तसं डोक्यात राहायचं.

आणि लोक काय काय सांगायचे! साखरा गावच्या जळबा नावाच्या म्हाताऱ्यानं लाल दोऱ्याच्या काडीपाशी बराच वेळ डोळे मिटले आणि तो म्हणाला, "माय लग्नातलं लुगडं सालातून एकदा उन्हात घालायची. पेटी उघडली की मी आत तोंड घालायचो. तसं वाटून राहिलं." पिवळ्या काडीला कुणी म्हणालं, केळी पिकायला घातलेल्या खोलीचं दार उघडावं तसं. कुणी म्हणालं, हळद शिजत असताना कढईपासून जरा लांब, वाऱ्याच्या अंगाला उभं राहावं तसं. एक बाई म्हणाली, सासरहून पहिल्यांदा माहेरी गेले, तेव्हा उशी तीच होती, तसं. उशीला कसला वास असतो ते तिला सांगता येईना, आणि अण्णांना विचारायचं सुचलं नाही. उशी तीच होती, एवढं पुरेसं होतं.

परतीच्या वाटेवर अण्णांच्या डोक्यात ही सगळी माणसं चालत असायची. दोन्ही बाजूंना तुरीची रानं, अंगावर तिरकं ऊन, आणि मनात एक पेटी उघडतेय, एक कढई रटरटतेय, कुणाची तरी आई लुगड्याची घडी मोडतेय. त्यांच्यापुरते वास म्हणजे हेच. पुढे आईनं मला सांगितलं की अण्णा झोपेत हसायचे. स्वप्नात त्यांना एक गाव दिसायचं, न पाहिलेलं. त्यात भिंती नसायच्या, नुसती दारं. एकेक दार उघडायचं आणि आत कुणीतरी बसलेलं असायचं, ओळखीचं हसणारं. त्या गावात आपल्याला सगळं येतं, असं ते म्हणायचे. काय येतं, हे तिनं विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

आता आई. कालिंदी तिचं नाव. हिंगोलीच्या कचेरीतल्या एका कारकुनाची मुलगी. नियतीला कधीकधी चेष्टेची लहर येते. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कुणाच्या घरी कशाची फोडणी पडली ते आई सांगायची, आणि ती येऊन पडली या माणसाच्या घरात. शिवाय ती अबोल. तिचा राग, लोभ, माया सगळं हातांतून व्हायचं. संध्याकाळी ती वेणी घालायची, गजरा माळायची आणि अण्णा यायच्या वेळेला उगाचच दारात काहीतरी करत राहायची. अण्णा यायचे, पाय धुवायचे, जेवायला बसायचे. गजऱ्याबद्दल एक शब्द नाही. मोगरा, जाई, एकदा तर तिनं हिंगोलीहून मागवलेला केवडा. नाहीच.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिनं मनाशी धरलं की आपण या माणसाला आवडत नाही. एके संध्याकाळी अण्णांनी तिला परसात डोळे पुसताना पाहिलं. केसांतला गजरा तिनं उपसून काढला होता आणि हातात चुरगळला होता. अण्णा बाकी कशात मंद असतील, पण तेवढं त्यांना कळलं.

खरं सांगण्याची वेळ खरं म्हणजे तीच होती. त्यांनी काय केलं? दुसऱ्या दिवशी कामावरून आले, दारात थांबले, तिच्या गजऱ्याकडे बघून म्हणाले, "लग्नातल्या लुगड्याची पेटी उघडावी तसं वाटतंय." जळबाचं वाक्य, जसंच्या तसं.

आई चक्क लाजली. भाकरी करताना दोनदा तिचा हात भाजला.

मग काय विचारता! अण्णांना वाटच सापडली. ज्या गावाहून येतील तिथलं काहीतरी ते गजऱ्याला लावून द्यायचे. कधी माहेरची उशी, कधी सावलीतलं ऊन, कधी पहाटे नांगराला बैल जुंपताना लांबून ऐकू येणारी घंटी, कारण एका गड्याला काडीच्या वासानं घंटी आठवली होती. आई ते रात्रभर मनात घोळवायची. असा नवरा कुणाला मिळतो, म्हणायची. ती जास्तच निगुतीनं गजरे करू लागली. त्या दिवसांबद्दल बोलताना ती अजूनही दाराकडे बघते. पुढे मी पोटात राहिले आणि घर अगदी भरून आलं.

मार्गशीर्षात मोगरा कुठून असणार? एके दिवशी आईनं परसातली कोरांटी तोडली आणि तिचाच जांभळा गजरा केला. कोरांटीला वास नसतो. शेंबड्या पोराला विचारा, तेही सांगेल. देवाला वाहायला आणि डोळ्यांना बघायला ते फूल असतं. आई त्या दिवशी वासाची वाटही बघत नव्हती, रंग दिसेल एवढंच तिच्या मनात होतं. अण्णा साखऱ्याहून दमून आले, दारात थांबले आणि म्हणाले, "आज काय वास सुटलाय गं. पिकत्या केळ्यांच्या खोलीचं दार उघडलं जणू."

आईनं केसांतल्या गजऱ्याला हात लावला.

"ही कोरांटी आहे," ती म्हणाली.

"हो, तेच म्हणतो मी."

ती आत निघून गेली. अण्णांना काही समजलं नाही. जन्मभर त्यांनी टोपल्याच्या टोपल्या कोरांटी तोडली होती, पण तिला वास नसतो हे त्यांना कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आजोबांना हळूच विचारलं, "दादा, कोरांटीला वास असतो का?"

आजोबा भडकले. "वास न्हाई तर न्हाई! देवाच्या फुलाची ही चौकशी काहून करून राहिलास?"

तेव्हा अण्णांना आपली चूक उमगली. आईनं मात्र वेगळंच समजून घेतलं होतं. वासाचं काही तिच्या मनात आलं नाही. कुणाच्या मनात येईल? तिला एवढंच दिसलं की हा माणूस गजऱ्याकडे बघतसुद्धा नाही. तोंडाला येईल ते बोलतो. मग ती पेटी, ती उशी, ती घंटी, आजवरचं सगळंच खोटं. कदाचित हीच वाक्यं आणखी कुठल्या दारात उभं राहूनही म्हणत असेल. तिनं भांडण केलं नाही. फुलं माळणं सोडून दिलं. सातव्यात माहेरी जातात तशी ती हिंगोलीला गेली, आणि निघताना म्हणाली, "मला न्यायला यायची घाई करू नका." पाठवणाऱ्यांना वाटलं, लाजून बोलली. अण्णांना ठाऊक होतं की ती लाजलेली नव्हती.

ते दिवस अण्णांनी कसे काढले कुणास ठाऊक. ते हिंडत राहिले. स्वप्नातल्या गावातली दारं उघडेनाशी झाली, असं त्यांनी नंतर आईला सांगितलं. ढकलली तरी उघडत नव्हती.

त्याच सुमारास ते शिरड शहापूरला पंचफुलाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसले. या बाई शेतात मजुरी करायच्या आणि पौर्णिमेला विहारात वंदना सांगायच्या. वस्तीत त्यांच्या शब्दाला मान होता. अण्णांनी हिरव्या दोऱ्याची काडी लावली. पंचफुलाबाईंनी धूर वर जाऊ दिला, आणि म्हणाल्या, "ह्यो वास येतो आन् बसायला जागा मागतो. वंदनेला चालंल. घाई न्हाई त्याच्यात." मग त्यांनी अण्णांकडे मान वळवली. "आन् तुमाला वं भाऊ? तुमाला काय आठवलं?"

इतकी वर्षं अण्णा विचारत आले होते. त्यांना उलट कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून खरं तेच बाहेर पडलं. "मला वास येत नाही, बाई. कधीच आला नाही."

पंचफुलाबाई हळहळल्या नाहीत, हसल्याही नाहीत. "तरीच," म्हणाल्या. "तरीच तुमी इतकं कान देऊन ऐकून राहिलात. घरच्या बाईला ठाव हाय?"

मग अण्णांनी सगळं सांगितलं. कोरांटीपर्यंत. काडी जळून राख झाली तरी ते बोलत होते. पंचफुलाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग जरा फटकारूनच म्हणाल्या, "लोकाचं बोलणं लोकाचं म्हणून नेलं आस्तं तर त्यात काय वाईट होतं? तुमी आपलं म्हणून नेलं, तिथं घोटाळा झाला. जा, ज्याचं त्याचं नाव घेऊन सांगा तिला. उशीर नका करू."

पण अण्णा ते अण्णाच. आज जाऊ, उद्या जाऊ करत त्यांनी उशीर केलाच. तोवर हिंगोलीहून निरोप आला, मुलगी झाली. म्हणजे मी.

बारशाच्या दिवशी अण्णा हिंगोलीला पोचले. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा आणि बाळंतशोपेची धुरी होती, आत पाऊल टाकताच डोळे चुरचुरले. बायकांचा घोळका मला हातोहात फिरवत होता. लेकराची टाळू हुंगून मगच त्याला दुसरीच्या हातात द्यायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. जिच्या हातात मी जाई ती माझ्या टाळूला नाक लावी, डोळे मिटी आणि म्हणे, "अगं माय, गं!" यापलीकडे एकीलाही शब्द सुचत नव्हता. आत्यानं माझं नाव सुगंधा ठेवायचं म्हणून धरलं होतं. बाप उदबत्तीच्या धंद्यात, म्हणून सुगंधा. आईनं ते ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. मी तिचे उपकार मानते.

फिरत फिरत मी अण्णांच्या हातात आले. सगळ्या बघत होत्या. अण्णांनी मला उचललं, नाकापाशी नेलं आणि तसेच थांबले. मग मला खाली घेतलं. हुंगल्याचं सोंग त्यांना करता आलं असतं. आयुष्यभर तेच तर केलं होतं. त्या दिवशी मात्र जमलं नाही.

बायका पानावर बसायला गेल्या तेव्हा ते आईच्या बाजेपाशी आले. "कालिंदी, मला वास येत नाही," ते म्हणाले. "कशाचाच नाही. लहानपणापासून. भीतीनं कधी बोललो नाही."

आईनं बाजेवर माझं दुपटं सारखं केलं. अण्णांना वाटलं, सगळं संपलं.

"मग ती पेटी?" तिनं विचारलं. "लुगड्याची?"

"ती जळबाची. साखऱ्याचा म्हातारा आहे. त्याची आई लुगडं उन्हात घालायची."

"आणि उशी?"

"ती एका सासुरवाशिणीची. नाव विचारायचं राहिलं."

"घंटी?"

अण्णा एकेक सांगत गेले. कुठलं गाव, कुठला ओटा, कोण माणूस, बोलताना त्यानं डोळे मिटले होते की उघडे होते. "मला एवढंच ठाऊक होतं की ही माणसं चांगलं काहीतरी आठवून बोलतायत. मला तुला चांगलंच द्यायचं होतं. माझ्याजवळ माझं काही नव्हतं, म्हणून त्यांचं आणलं."

आई ऐकत होती. तिचा चेहरा कठोरच होता. मग कोपऱ्याकोपऱ्यानं तो सैल होत गेला, आणि ती एकदम हसायला लागली. पोटावरचा पट्टा धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे काय हो," ती म्हणाली, "साखऱ्यापासून अख्ख्या मुलखानं माझ्या गजऱ्याची तारीफ केली की!"

अण्णांनीही हसून घेतलं. मग माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, ओट्या-ओट्यावर विचारायचे तसंच, "काय आठवतं गं? हिची टाळू हुंगली की?"

माझी आई अबोल बाई. तिनं मला जवळ घेतलं, माझ्या टाळूला नाक लावलं, आणि एवढा वेळ लावला की अण्णांना वाटलं, झोप लागली हिला. मग मान वर करून ती म्हणाली, "कोरांटी."

"चेष्टा करतेस?" अण्णा म्हणाले.

"खरंच सांगतेय," आई म्हणाली. "कोरांटीसारखा वास आहे हिचा. घ्या, बघा."

अण्णांनी मला पुन्हा उचललं. या खेपेला घाई केली नाही. माझ्या टाळूला नाक लावलं, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. बाहेर पंगतीत कुणीतरी त्यांच्या नावानं हाका मारत होतं. ते हलले नाहीत. कितीतरी वेळानं मान वर करून म्हणाले, "बराबर आहे."

आई म्हणते, तेव्हा त्यांचा चेहरा झोपेत हसणाऱ्या माणसासारखा झाला होता. दुसऱ्यानं सांगितलेला वास त्यांना आयुष्यात पहिल्यांदा जसाच्या तसा आला होता.